मित्रमंडळींचे बॅकपॅकिंग

एका सॅकमध्ये मावेल तेवढेच सामान पाठीवर घेऊन, बस-रेल्वेने फिरत आणि स्वस्त होस्टेलांत मुक्काम करत काही मित्रांनी मिळून केलेला लांबचा प्रवास. ट्रेकमध्ये डोंगर ठरलेला असतो. इथे त्याच सॅकवर आधी शहर, मग पर्वत, मग वाळवंट निभवायचे असते. एकट्याच्या भटकंतीहून हा प्रकार निराळा ठरतो तो वाटून घेण्यामुळे. काय सामाईक ठेवायचे आणि काय ज्याचे त्याने सांभाळायचे, हे घरून निघण्यापूर्वी ठरले नाही की बेत बिनसतो.

या प्रवासाचा पाया युथ होस्टेलने घातला. रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाने 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे युथ होस्टेल सुरू केले. 1960-70 च्या दशकांत इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली, काठमांडू असा खुष्कीचा मार्ग तरुणांनी गजबजला. 1979 मध्ये इराणमधील क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत फौजांमुळे तो बंद पडला. युरोपात 1972 पासून इंटररेलच्या एकाच पासवर अनेक देश फिरता येऊ लागले.

वडोदऱ्यातून निघताना : परदेशी विमानासाठी बहुधा अहमदाबाद (सुमारे 100 किमी) किंवा मुंबई (सुमारे 400 किमी) गाठावी लागते. त्याआधी भरलेल्या सॅकसह दोन सराव करून घ्यावेत. पहिला पावागढचा : चांपानेरहून पायी वर जाऊन त्याच दिवशी उतरणे. खांद्याचा पट्टा कुठे काचतो आणि बुटात अंगठा कुठे टेकतो, हे उतरताना समजते. दुसरा सराव चैत्रातल्या उत्तरवाहिनी नर्मदा परिक्रमेचा. नदी उत्तरेकडे वाहते त्या रामपुरा-तिलकवाडा परिसरात ती सुमारे 21 किमी भरते. वडोदऱ्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांना गरुडेश्वरमुळे हा काठ ओळखीचा आहे. वासुदेवानंद सरस्वतींची समाधी (1914) तिथेच. चैत्रातले ऊन कडक, म्हणून पहाटे निघावे. त्या एका दिवसात कोण किती चालतो हे उघड होते, आणि पुढचा सगळा बेत सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने आखायचा असतो.

गट किती जणांचा असावा? चार सोयीचे. चार खाटांची डॉर्म (होस्टेलची सामाईक खोली) पूर्ण मिळते, एक टॅक्सी पुरते (मात्र लहान टॅक्सीच्या डिकीत चार मोठ्या सॅक मावत नाहीत). पाचवा आला की प्रत्येक ठिकाणी दुसरी टॅक्सी, दुसरी खोली. पाच जणांचा खर्च चौघांपेक्षा माणशी वाढतो, हे बहुतेकांना परत आल्यावर उमगते.

सॅक : होस्टेलच्या प्रवासाला 40 ते 45 लिटरची पुरते; तंबू न्यायचा असेल तर 55-60. भरलेल्या सॅकचे वजन शरीराच्या पाचव्या हिस्स्याच्या आत ठेवावे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला जास्तीत जास्त 12 किलो. आशियातल्या स्वस्त विमानांत केबिनला बहुधा 7 किलोचीच मुभा असते, त्यामुळे खरे ध्येय तेच. वजनदार वस्तू मध्यभागी, पाठीला चिकटून, हलके कपडे तळाशी, रेनकोट वर. भार कमरेच्या पट्ट्याने पेलायचा असतो. तो कंबरेच्या हाडावर आवळून मगच खांद्याचे पट्टे ओढावेत. उलट केले की तासाभरात मान आखडते. मोजे लोकरीचे किंवा सिंथेटिक, कारण सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि फोड येतात.

औषधांची पेटी, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, सुईदोरा आणि एक्स्टेन्शन बोर्ड गटात एकेकच पुरे. पासपोर्ट, विमा, रोजची औषधे (डॉक्टरच्या चिठ्ठीसह) आणि बूट ज्याचे त्याचे. दुसऱ्याचे पुडके आपल्या सॅकमध्ये ठेवून सीमा ओलांडू नये. कस्टमवाला मैत्री विचारत नाही. पॉवर बँक केबिनमध्येच न्यावी. बहुतेक विमान कंपन्यांत विनापरवानगी मर्यादा 100 वॅट-तास आहे. 20,000 एमएएचची बँक साधारण 74 वॅट-तासांची, म्हणजे नियमात बसते.

कागदपत्रे : युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या शेंगेन देशांत कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येते. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपासून 15 दिवस आधीपर्यंत करता येतो आणि विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. व्हिसा गटाला मिळत नाही, व्यक्तीला मिळतो. एकाचा नाकारला गेला की बाकीच्यांचे बुकिंग लटकते. म्हणून सर्वांचे व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येणारीच बुकिंगे घ्यावीत. इथिओपियासारख्या देशांत जायचे तर पीतज्वराची लस किमान 10 दिवस आधी मान्यताप्राप्त केंद्रात टोचून घ्यावी. तिचे पिवळे कार्ड नसल्यास भारतात परतल्यावर विलगीकरणात राहावे लागू शकते.

पैसा : खोली, टॅक्सी आणि किराणा यांची वर्गणी एका खजिनदाराकडे, बाकी सगळे टीटीएमएम. थायलंडमधली एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी ठरावीक शुल्क कापतात, रक्कम कितीही असो. म्हणून एकाच कार्डाने सर्वांसाठी एकदम काढावे आणि हिशेब त्याच रात्री लिहावा. यंत्राने 'रुपयांत की स्थानिक चलनात' असे विचारले तर स्थानिक चलनच निवडावे. रुपयांचा दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

उंची : वडोदरा समुद्रसपाटीपासून जेमतेम 40 मीटरवर आहे. तिथला माणूस विमानाने थेट लेहला (सुमारे 3,500 मीटर) किंवा पेरूतल्या कुस्कोला (3,400) उतरला तर पहिले दोन दिवस विश्रांतीचेच धरावेत. 3,000 मीटरच्या वर झोपण्याची जागा दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवावा. डोके दुखणे, ओकारी दिसली की चढाई थांबते. त्रास वाढला किंवा चाल अडखळू लागली तर रात्र असली तरी लगेच खाली उतरवावे, आणि सोबत एक जण हवाच. गटात धोका असा की आजारी माणूस बाकीच्यांची मजा जाऊ नये म्हणून गप्प राहतो. रोज सकाळी प्रत्येकाला झोप, भूक आणि डोकेदुखी विचारायचीच, अशी रीत ठेवावी.

जेवण : दही न घालता तेलात मळलेले थेपले आणि खाखरे टिकतात; लीलो चेवडो ओलसर, तो आधी संपवावा. पेढे, श्रीखंड, तूप युरोपीय संघात नेता येत नाहीत, कारण बाहेरच्या देशांतून दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. दुबईमार्गे जाताना अनारसे घरीच ठेवावेत : वर लावलेली खसखस संयुक्त अरब अमिरातीत निषिद्ध आहे. न्यूझीलंडमध्ये खाद्यपदार्थ जाहीर न केल्यास जागेवर 400 न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो. शाकाहाऱ्यांनी व्हिएतनाममध्ये 'चाय' (chay, म्हणजे शाकाहारी) आणि थायलंडमध्ये त्याच अर्थाचे 'जे' लिहिलेली दुकाने शोधावीत. नुसते 'मांस नको' म्हटले तर माशांचा सॉस पडतोच. जपानमध्ये भाजीच्या सूपमागेही बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. इथिओपियात मात्र बुधवार-शुक्रवार ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपासाचे, आणि त्या दिवशीची थाळी दूध-अंड्यांविना. तिकडचा उपास आपल्या कामाचा.

कपडे आणि रीत : कंबोडियातल्या अंगकोरच्या मंदिरांत गुडघे व खांदे झाकलेले लागतात. थायलंडमध्ये बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नये. जपानी गरम झऱ्यांच्या स्नानगृहात आधी बाहेर अंग धुऊन, विवस्त्रच पाण्यात उतरतात. आपल्या गटाला हे आधी सांगितलेले बरे.

मुक्काम : होस्टेलच्या खाटेवर सॅक ठेवण्याआधी गादीची शिवण उलटून पाहावी, काळे ठिपके म्हणजे ढेकूण. कुलूप स्वतःचे न्यावे. गट फुटणार असेल (एकाला संग्रहालय, दुसऱ्याला समुद्र) तर भेटण्याची जागा, वेळ आणि 'तासभर वाट पाहून होस्टेलवर परत' हा नियम सकाळीच ठरवावा. परक्या देशात फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.