प्रचालकपदाच्या इच्छुकाला अभिप्राय

विकिपीडियावर हौसेने लिहिणारा सदस्य प्रचालकपदासाठी उभा राहू पाहतो, तेव्हा जुन्या सदस्यांनी त्याचे काम तपासून दिलेले मत. प्रचालकाला पान वगळता येते, संपादनासाठी बंद करता येते आणि उत्पात करणाऱ्याला प्रतिबंध घालता येतो. या कामाला पगार नाही, आणि लेखातल्या मजकुराच्या वादात त्याचा शब्द इतरांपेक्षा वजनदारही धरला जात नाही. इंग्रजी विकिपीडियावर या पदाची खूण म्हणून फरशी पुसायचा पोछा वापरतात. हे पद काही फार मोठे प्रकरण नाही, असे विकिपीडियाच्या संस्थापकांपैकी एक जिमी वेल्स यांनी २००३ मध्येच लिहून ठेवले होते. तिथली एखादी निवड पाहिलेल्या माणसाला ते पटायला जड जाते.

तिथे ही निवड सात दिवस सगळ्यांसमोर चालते. सदस्य पाठिंबा, विरोध किंवा तटस्थ असे मत कारणासह नोंदवतात. पाठिंबा ७५ टक्क्यांच्या वर गेला तर पद बहुधा मिळते, ६५ च्या खाली राहिला तर बहुधा नाही, आणि मधल्या पट्ट्यातला निर्णय स्वीकृती अधिकारी, म्हणजे प्रचालकपद बहाल करणारे सदस्य, चर्चा वाचून घेतात. पानाचा ‘इतिहास’, म्हणजे त्यावरच्या प्रत्येक बदलाची नोंद, काही विसरत नसल्यामुळे कधीकाळी रागाच्या भरात दिलेले उत्तरही कोणीतरी उकरून काढतोच. इंग्रजी विकिपीडियावर २००७ मध्ये ४०८ जण प्रचालक झाले, तर २०१८ मध्ये अवघे १०. घसरणीची कारणे अनेक आहेत, पण या जाहीर उलटतपासणीची धास्ती त्यांत नेहमी सांगितली जाते. त्यामुळे उभे राहण्याआधीच चार जणांना विचारून घ्यायची रीत पडली. पूर्वी त्यासाठी ‘एडिटर रिव्ह्यू’ हे सर्वसाधारण पान होते, ते मागे पडले. पुढे केवळ इच्छुकांसाठी ऐच्छिक चाचपणी सुरू झाली. तीत निवडून येण्याची शक्यता दहापैकी किती, याचा आकडा द्यायचा आणि सोबत दोन ओळी लिहायच्या.

आकडा देणाऱ्याला सोपा आणि घेणाऱ्याला निरुपयोगी. ‘दहापैकी चार, धोरणांची समज कमी’ एवढे वाचून कोणी काय सुधारायचे? अभिप्रायाला धार येते ती ‘फरक’ दाखवल्याने, म्हणजे नेमके कोणते संपादन खटकले त्याचा दुवा दिल्याने. समजा, एका नवख्याने एका गायिकेवर दोन ओळींचे पान केले आणि तिसऱ्या मिनिटाला इच्छुकाने त्यावर त्वरित वगळण्याचा साचा, म्हणजे पान लगेच काढावे अशी तयार सूचना, लावला. दुसऱ्या ओळीत तिला मिळालेल्या पुरस्काराचा उल्लेख होता. महत्त्वाचा असा काही विश्वासार्ह दावा असला की ‘महत्त्व दाखवलेले नाही’ हा निकष लागत नाही, मग पान कितीही कच्चे असो. दुवा देऊन एवढेच सांगितले आणि असे आणखी प्रसंग शेजारी ठेवले, तर इच्छुकाला तीन महिन्यांचे काम मिळते. शिवाय ही चूक आज निस्तरता येते. उद्या वगळण्याचे बटण त्याच्याच हाती आले की पान सरळ नाहीसे होईल आणि तो नवखा बहुधा परत येणार नाही.

संपादनांची संख्या पाहून भुलू नये, हे जाणती मंडळी नेहमी सांगतात. मोइरा बर्क आणि रॉबर्ट क्राउट यांनी २००८ मध्ये इंग्रजी विकिपीडियावरच्या निवडींचा अभ्यास मांडला, त्यातही ढीगभर संपादने पुरेशी ठरत नाहीत असेच दिसले. कामाची विविधता आणि धोरणांच्या पानांवरचा वावर यांना वजन होते. हजारो शुद्धलेखन-दुरुस्त्या काय, सांगकाम्याही, म्हणजे आपोआप संपादने करणारा प्रोग्रामही, करतो. निवडीतल्या ठरलेल्या प्रश्नांपैकी एक भांडणांबद्दल असतो: कोणाशी वाद झाला होता का, आणि तो कसा हाताळला? इच्छुकाचे उत्तर ऐकण्याआधी त्याचे संपादन कोणी उलटवले तेव्हा तो चर्चापानावर काय बोलला, ते वाचणे बरे. तिथे माणूस कळतो.

लहान विकिपीडियांवर दुखणे उलटे असते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर सामायिक चर्चेच्या पानाला ‘चावडी’, मत घेण्याला ‘कौल’, सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ असे घरगुती शब्द रुळले आहेत. पण सक्रिय मंडळी मोजकी असली की अभिप्राय देणारा आणि मागणारा एकमेकांना ओळखत असतात, आणि मग सगळे ‘शुभेच्छा’ म्हणून मोकळे होतात. ही भीड कठोर टीकेपेक्षा जास्त नुकसान करते. समाज फारच लहान असेल तर मेटा-विकीवर, म्हणजे सगळ्या विकिपीडियांच्या सामायिक कारभाराच्या संकेतस्थळावर, अर्ज करावा लागतो आणि स्टुअर्ड हे जागतिक अधिकारी मुदतीपुरते प्रचालकपद देतात. मुदत संपताना कामाकडे पुन्हा पाहिले जाते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने गुप्त मतदानाचा प्रयोग केला. आधी काही दिवस प्रश्नोत्तरे, मग मतदान, आणि किमान ७० टक्के पाठिंब्याची अट. ३२ उमेदवारांपैकी ११ निवडून आले. उघड निवडीतली धास्ती बरीच कमी झाली, मात्र मतासोबत कारण लिहायची सोयही गेली. पडलेल्या उमेदवाराच्या हाती टक्केवारी येते. विरोध कशामुळे झाला, हे विचारायला त्याला पुन्हा कोणाच्या तरी चर्चापानावर जावे लागते.