आमच्या घराण्याचीच चाल

माझ्या मामेभावाची कोल्हापुरी कापशी चप्पल चालता चालता मागे राहायची. रंकाळ्याला फेरी मारताना तो चार पावलं पुढे जायचा आणि चप्पल तिथंच. अंगठा सैल झाला असेल म्हणून आम्ही चप्पल लाईनमध्ये गेलो. कारागिरानं जोड उलटा करून बघितला आणि म्हणाला, "चप्पल बरोबर हाय. ह्यो तळ बघा, भाईरच्या अंगालाच झिजलाय. पायातच कायतरी हाय."

त्यानंतर सहा वर्षं गेली. बी-१२ची इंजेक्शनं झाली. मणक्याचा एमआरआय झाला. त्यात चकती जराशी सरकलेली दिसली, तशी ती चाळिशीतल्या कितीतरी धडधाकट माणसांतही दिसते. एका ठिकाणी तर त्याला दारू सोडायला सांगितलं. ज्यानं आयुष्यात थेंब घेतला नाही, तो त्या दिवशी घरी येऊन कुणाशी बोलला नाही.

शेवटी एका मेंदूविकारतज्ज्ञांनी आधी बूट-मोजे काढायला लावले. टाचांवर चालून दाखव म्हणाले. त्याला जमेना, चवडे वर उचललेच जात नव्हते. तळव्याची कमान उंच, बोटं आखडलेली, पोटऱ्या खाली एकदम बारीक. घोट्यामागे हातोडी मारली तरी पाऊल हललं नाही. नादकाटा वाजवून अंगठ्यावर टेकवला, त्याची थरथर त्याला कळली नाही. तरी मुंग्या येतात का, आग होते का, या प्रश्नाला त्याचं उत्तर "नाही" होतं.

हे "नाही" महत्त्वाचं असतं. मधुमेहानं किंवा बी-१२च्या कमतरतेनं नसा बिघडल्या की माणूस बहुतेक वेळा मुंग्या, जळजळ, बधिरपणा घेऊन येतो, कारण कालपर्यंत ठीक असलेलं काहीतरी आज बिघडलेलं असतं. जन्मापासूनच नस तशी असेल तर तिच्याबद्दल तक्रार सुचतच नाही. तपासणीत संवेदना कमी आणि तक्रार मात्र शून्य, असं दिसलं की आनुवंशिक आजाराचा संशय घ्यायचा असतो.

मग डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाचे पाय असे आहेत का? शेजारी बसलेले मामा सहज बोलून गेले, "आमच्या घरात सगळ्यांचं असलंच. माझा बा असाच पाय उचलून टाकायचा. आमच्या घराण्याचीच चाल हाय ही." डॉक्टरांनी मामांनाही चप्पल काढायला सांगितली.

या आजाराचं नाव शार्को-मारी-टूथ. त्याचा दातांशी संबंध नाही. पॅरिसचे शार्को आणि मारी आणि इंग्लंडचे टूथ या तिघांनी १८८६ साली त्याचं वर्णन केलं. सुमारे २,५०० माणसांमागे एकाला तो असतो असा ढोबळ अंदाज आहे, म्हणजे फार दुर्मिळही नाही.

कण्यापासून पावलापर्यंत जाणारा नसेचा एकेक तंतू जवळजवळ मीटरभर लांब असतो. त्याच्याभोवती मायलिनचं वेष्टण असतं. सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात सतराव्या गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट झालेला असतो. त्यामुळे 'पीएमपी-२२' या जनुकाच्या दोनऐवजी तीन प्रती होतात आणि वेष्टण नीट बनत नाही. दुप्पट झालेला हा तुकडा १९९१ साली सापडला. हाताच्या नसेतून संदेश एरवी सेकंदाला ५० मीटरहून जास्त वेगानं धावतो, इथे तो २०च्या आसपास येतो. पण ताकद जाते ती या मंद वेगानं नव्हे. वेष्टण बिघडलं की आतला तंतूही हळूहळू मरतो, आणि सर्वांत लांब तंतू आधी मरतात. म्हणून सुरुवात पावलांपासून होते, आणि पुढे कित्येक वर्षांनी शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळायला लागतात.

नसांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही, इथेच कामाला येते. करंटचे छोटे झटके बसतात, पण ते सोसण्यासारखे असतात. सगळ्या नसा सारख्याच मंद असतील तर दुखणं बहुधा आनुवंशिक. कुठे मंद, कुठे ठीक असा प्रकार असेल तर प्रतिकारशक्तीच नसांवर उलटलेली असू शकते. त्या आजारावर चांगले उपचार आहेत, म्हणून तो निसटून चालत नाही. आपल्याकडे कुष्ठरोगही ध्यानात ठेवावा लागतो. हाताला नसा जाड लागणं शार्को-मारी-टूथमध्येही दिसतं आणि कुष्ठरोगातही, पण कुष्ठरोगात बधिर चट्टे शोधायचे असतात, आणि तो गोळ्यांनी बरा होतो.

जनुकांच्या तपासणीबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. भावाचा पहिला जनुक-अहवाल कोरा आला. त्या चाचणीत जनुकांची अक्षरं वाचली होती, प्रती मोजल्या नव्हत्या. पुस्तकात एकही चूक नाही, पण एक प्रकरण दोनदा छापलंय, असा तो प्रकार. प्रती मोजणारी चाचणी, एमएलपीए, केली आणि तिसरी प्रत सापडली. ज्यांच्या हातात कोरा अहवाल असेल त्यांनी ही चाचणी झाली होती का, एवढं नक्की विचारावं.

या प्रकारात आईवडिलांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. माझ्या आईची नसांची तपासणी नॉर्मल आली, तेव्हा तिच्यापुरती आणि आम्हा भावंडांपुरती ही साखळी तुटली हे कळलं. तिच्या भावाला ती चुकली नाही. काही प्रकार मात्र दोन्हीकडून सदोष प्रत आली तरच दिसतात. मामाच्या मुलीशी लग्नं होतात तिथे याची शक्यता वाढते, आणि मागे कुणालाच त्रास नसतो. त्यातल्या 'एसओआरडी' जनुकाच्या प्रकारात रक्तातलं सॉर्बिटॉल, म्हणजे साखरेसारखा एक पदार्थ, वाढतं. हे २०२० साली समजलं.

आजार मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. क जीवनसत्त्वाचे मोठे प्रयोग झाले, फायदा दिसला नाही. मग नाव कळून काय मिळालं? नको ती इंजेक्शनं थांबली. मणक्याचं ऑपरेशन टळलं. त्याच्या फाइलीवर लाल शाईत लिहिलं गेलं की कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टिन हे औषध याला द्यायचं नाही, कारण या नसांवर ते भयंकर उलटतं. फिजिओथेरपी सुरू झाली, आणि चवडा वर धरणारी प्लॅस्टिकची स्प्लिंट बुटात बसली.

आजोबा तालमीत रोज हौद्याच्या कडेला बसायचे, पण आत कधी उतरले नाहीत. त्यांना लोक आयुष्यभर आळशी म्हणाले. त्यांचा घोटा सारखा मुरगळायचा, हे आजीनं परवा पहिल्यांदा सांगितलं.

भावाची मुलगी नऊ वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात ती न्हाणीतून ओल्या पायांनी बाहेर आली. शहाबादी फरशीवर टाच उमटली होती, चवडा उमटला होता, आणि मध्ये काहीच नव्हतं. वहिनी त्या ठशांकडे बघत उभी राहिली. मग तिनं भावाला हाक मारली आणि मुलीच्याही नसांच्या तपासणीची वेळ घ्यायला सांगितली.