दुहेरीचा व्यावसायिक टेनिसपटू

एटीपी (पुरुष) किंवा डब्ल्यूटीए (महिला) दौऱ्यावर प्रामुख्याने दुहेरी खेळून पोट भरणारा खेळाडू. तो सहसा एकेरीतूनच आलेला असतो. वयाच्या पंचविशीच्या आसपास एकेरीचा क्रमांक दोनशे-तीनशेच्या घरात अडकतो, गुडघा किंवा खांदा कुरकुरू लागतो आणि सर्व्ह व व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) मात्र चांगली असते. तेव्हा हा निर्णय होतो. भारतात ही वाट चांगलीच रुळली आहे. लिएंडर पेस आणि महेश भूपती यांनी १९९९ मध्ये चारही ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसमधल्या सर्वांत मोठ्या, स्पर्धांची अंतिम फेरी गाठली व त्यांपैकी फ्रेंच आणि विंबल्डन जिंकल्या. रोहन बोपण्णाने २०२४ची ऑस्ट्रेलियन ओपन मॅथ्यू एब्डनच्या साथीने वयाच्या ४३व्या वर्षी जिंकली आणि क्रमवारीत पहिल्यांदाच अव्वल स्थान गाठले. मुंबईत जन्मलेली सानिया मिर्झा एप्रिल २०१५ मध्ये महिला दुहेरीत अव्वल ठरली. मुंबईच्या पुरव राजाने दिविज शरणबरोबर २०१३ मध्ये बोगोटा आणि २०१६ मध्ये लॉस काबोस येथे एटीपी विजेतेपदे मिळवली. पुण्याच्या अर्जुन कढेने ऋत्विक बोलिपल्लीसह २०२४ मध्ये अल्माटीची स्पर्धा जिंकली.

गुणांचे गणित

दुहेरीची क्रमवारी जोडीची नसते, प्रत्येक खेळाडूची स्वतंत्र असते. मिळालेले गुण ५२ आठवडे टिकतात, मग गळतात. स्पर्धेत प्रवेश मात्र दोघांच्या क्रमांकांच्या बेरजेवर ठरतो: एक ८५वा आणि दुसरा ११०वा असेल तर बेरीज १९५, आणि जिची बेरीज कमी ती जोडी आधी आत. सारी कारकीर्द या बेरजेभोवती फिरते, कारण खालच्या आणि वरच्या पायऱ्यांवर घामाचा भाव फारच वेगळा आहे. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) एम१५ या सर्वांत खालच्या स्पर्धेत विजेत्यांना १५ गुण मिळतात आणि १६ जोड्यांच्या फेरीत त्यासाठी चार सामने जिंकावे लागतात. एटीपी २५० दर्जाच्या, म्हणजे मुख्य दौऱ्याच्या पहिल्या पायरीवरच्या, स्पर्धेतही १६च जोड्या असतात. तिथे दोन सामने जिंकून उपांत्य फेरीत हरले तरी ९० गुण. म्हणजे खाली सहा विजेतेपदे, चोवीस विजय, यांची भरपाई वर दोन विजयांत होते. त्यामुळे एम१५ मध्ये महिनोन्‌महिने जिंकत राहणे दिसायला छान, पण व्यवहाराने तोट्याचे असते. दोन-तीन विजेतेपदे झाली की या दोहोंच्या मधल्या पायरीवरच्या चॅलेंजर स्पर्धांकडे सरकावे, तिथे पहिल्या फेरीत चार-पाच वेळा हरावे लागले तरी.

ग्रँड स्लॅमच्या पुरुष दुहेरीत ६४ जोड्या असतात. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला गुण नाही, एक सामना जिंकला तर ९०, विजेत्यांना २०००. प्रवेशासाठी एकेरीचा क्रमांकही धरता येत असल्याने एकेरीतला तिसावा खेळाडू दुहेरीचा एकही गुण नसताना आत येतो आणि दुहेरीवर जगणारी एखादी जोडी बाहेर राहते. ही तक्रार जुनी आहे आणि रास्तही; पण प्रेक्षक ओळखीच्या चेहऱ्यांसाठी तिकीट काढतात, हेही आयोजकांना दिसते.

जोडीदार

जोडी जमवायची ती हंगाम संपताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. विचारणा फोनवरच होते आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘तुझा नंबर किती?’ हाच. दुसरा : ड्यूस कोर्ट (उजवी बाजू) की ॲड कोर्ट (डावी)? रिटर्नची बाजू सेट संपेपर्यंत बदलता येत नाही. दोघेही ड्यूसचेच असतील तर एकाला बॅकहँड रिटर्न नव्याने घोटावा लागतो आणि त्यात निम्मा हंगाम जातो. दोघे उजवे असतील तर मधला चेंडू डावीकडच्या, म्हणजे ॲड कोर्टवाल्याच्या फोरहँडला येतो. तो त्याचाच, हे आधी ठरवून ठेवायचे. न ठरवणाऱ्या जोडीच्या मधोमध चेंडू जातो आणि दोघे एकमेकांकडे बघत राहतात.

भारतीय खेळाडूला यात एक जास्तीची अडचण असते, ती व्हिसाची. प्रवेशयादीतल्या रिकाम्या जागा ऐन वेळी तिथे हजर असलेल्या जोड्यांना मिळतात. युरोपातला खेळाडू गाडीने पुढच्या शहरात जाऊन नाव नोंदवतो. मुंबईतल्या खेळाडूला बुधवारी फोन आला तर सोमवारी तिकडे उभे राहणे सहसा जमत नाही. म्हणून दीर्घ मुदतीचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा रॅकेटइतकाच महत्त्वाचा. पासपोर्टातली कोरी पाने संपत आली की हंगामाआधीच तो नवा करून घेतात.

मैदानावर

दुहेरीचे कोर्ट १०.९७ मीटर रुंद असते, एकेरीपेक्षा दोन्ही बाजूंना १.३७ मीटरची पट्टी जास्त. जाळी मधोमध ९१.४ सेंमी, खांबांपाशी १०७ सेंमी. म्हणून रेषेलगतचा फटका मोहक असला तरी महाग, आणि जाळीच्या बुटक्या मध्यावरून मारलेला स्वस्त. एटीपी स्पर्धांत २००६ पासून ४०-४० झाल्यावर ॲडव्हांटेज (सलग दोन गुण घेण्याची अट) नाही, एकच निर्णायक गुण. आणि सेट १-१ झाले की तिसऱ्या सेटऐवजी १० गुणांचा टायब्रेक. ग्रँड स्लॅमच्या पुरुष दुहेरीत जुनीच पद्धत, पूर्ण तिसरा सेट. विंबल्डनचे पाच सेटचे सामने मात्र २०२३ पासून तीनवर आले. छोट्या स्वरूपामुळे बलाढ्य जोडीही दोन-तीन गुणांत बाहेर जाते. त्यामुळे सरावाचा मोठा वाटा त्या दोन-तीन गुणांवर खर्च करतात.

असा एक गुण जवळून पाहू. स्कोअर ४०-४०. रिटर्न करणारी जोडी बाजू निवडते (मिश्र दुहेरीत सर्व्ह पुरुषाची तर रिटर्नही पुरुषाचा). जाळीवरचा खेळाडू पाठीमागे हात धरून बोटांनी सर्व्हची दिशा सांगतो : मधल्या रेषेवर, अंगावर की बाहेर. मग मूठ म्हणजे ‘जागेवरच’, उघडा पंजा म्हणजे ‘मी पळणार’. खुणा प्रत्येक जोडीच्या वेगळ्या. मागून ‘हो’ आल्याशिवाय सर्व्ह पडत नाही. आय फॉर्मेशन (दोघे मधल्या रेषेलगत एकामागे एक) असेल तर जाळीवरचा मधल्या रेषेवर जाळीखाली डोके जाईल इतका वाकतो. सर्व्ह जोडीदाराला लागली तर ती फॉल्ट. पळायची वेळ एकच: समोरच्याची रॅकेट चेंडूकडे पुढे येऊ लागली की. अर्धा सेकंद आधी निघाला तर रिटर्न त्याच्या सोडलेल्या पट्टीतून जातो. उशिरा निघाला तर तो चेंडूच्या मागे पोचतो. आणि पळायचे ते आडवे नव्हे, तिरके, जाळीच्या दिशेने. हौशी खेळाडू इथेच चुकतात. दुसरी नेहमीची चूक सर्व्ह करणाऱ्याची: दुसरी सर्व्ह लांबीत अपुरी पडते, रिटर्न पुढे येणाऱ्याच्या पायात पडतो आणि उचललेली व्हॉली समोरचा ठेचतो. म्हणून निर्णायक गुणावर ताशी दहा-पंधरा किलोमीटर वेग कमी करून पहिलीच सर्व्ह आत टाकणे शहाणपणाचे. बाहेर जाणारा रिटर्न टप्पा पडण्याआधी जाळीवरच्याच्या अंगाला लागला तर गुण गेला. जिमखान्यांत यावर अजूनही भांडणे होतात.

लॉब (उंच उचललेला चेंडू) डोक्यावरून गेला तर मागचा खेळाडू तिरका धावतो, पुढचा ‘स्विच’ ओरडून त्याची बाजू घेतो. ओरडणे राहिले की दोघे एकाच बाजूला.

मुंबईतली तयारी

चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर २००६ मध्ये एटीपी स्पर्धा झाली व दुहेरी भूपतीने मारिओ अँचिचसह जिंकली. २०१७ पासून तिथेच महिलांची डब्ल्यूटीए १२५ (मुख्य दौऱ्याच्या खालच्या पायरीची) स्पर्धा अधूनमधून भरते. कूपरेजला राज्य लॉन टेनिस संघटनेची कोर्ट आहेत. बाकी शहरात कोर्टांची टंचाईच, आणि तीच नकळत दुहेरीची शाळा झाली आहे: सकाळी तासाभराच्या कोर्टवर दोघांऐवजी चौघे मावतात, भाडेही वाटले जाते. पण चौघे नुसते गेम खेळत बसले तर हाती काही लागत नाही. तासाची विभागणी साधारण अशी: दहा मिनिटे तिरक्या अर्ध्या कोर्टवर रिटर्न आणि पहिली व्हॉली, पंधरा मिनिटे एकाविरुद्ध दोघे, वीस मिनिटे फक्त ४०-४० पासून सुरू होणारे गुण, उरलेल्या वेळात दहाचा टायब्रेक.

दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो आणि दक्षिण मुंबईच्या उघड्या कोर्टांवर लॉब हातभर सरकतो. सर्व्हचा क्रम प्रत्येक सेटच्या सुरुवातीला बदलता येतो. ज्याचा टॉस (सर्व्हसाठी वर फेकलेला चेंडू) उंच, त्याला वाऱ्याच्या व उन्हाच्या बाजूने सर्व्ह करावी लागणार नाही असा क्रम लावतात. दमट हवेत चेंडूची लव फुगते, तो जड होतो आणि वेगावर जगणाऱ्याची सर्व्ह बोथट होते. नॅचरल गट ही जनावराच्या आतड्याची तार व्हॉलीला मऊ, दुहेरीवाल्यांची आवडती. पण ओल तिची वैरी. पावसाळ्यात ती केसाळ होऊन ऐन सामन्यात तुटते. बरेच जण उभ्या तारा गटच्या, आडव्या पॉलिएस्टरच्या लावतात, ताण २२ ते २५ किलो ठेवतात आणि रॅकेट बंद पिशवीत नेतात. जून ते सप्टेंबर उघडी कोर्ट भरवशाची नसतात. व्यावसायिक खेळाडू त्या काळात युरोप-अमेरिकेत असतो, त्याचे फार बिघडत नाही. बिघडते ते पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे.

पैसा आणि शेवट

बक्षीस जोडीचे असते, निम्मे वाटून येते. २०२४च्या विंबल्डनला एकेरीच्या विजेत्याला २७ लाख पौंड, दुहेरीच्या विजेत्या जोडीला मिळून साडेसहा लाख. म्हणून दोघांत एक प्रशिक्षक, एक खोली आणि जर्मनीसारख्या देशांतल्या क्लब लीगमधले मानधन, यांवर मधल्या फळीचा हिशेब बसतो. क्रीडा कोट्यातली नोकरी असेल तर हरलेला महिना सुसह्य होतो. ऑलिंपिकची वाट दुहेरीवाल्याला स्वतःच्या क्रमांकावरही उघडते: पॅरिस २०२४ साठी पहिल्या दहांत असलेल्या बोपण्णाला जोडीदार निवडण्याचा हक्क होता, त्याने श्रीराम बालाजीला घेतले.

एकेरीपेक्षा धाव कमी, त्यामुळे चाळिशीपर्यंत खेळता येते. आधी दगा देतो तो बहुधा खांदा नाहीतर पाठ. जोडी तुटली तरी गुण ज्याचे त्याच्याकडेच राहतात आणि ऑक्टोबरात पुन्हा फोन सुरू होतात.