आधी हुकूम, मग निवड ते आधी निवड, मग हुकूम: स्प्रेडशीटमधल्या सिलेक्शनची पार्श्वभूमी

कॉलमच्या डोक्यावरच्या अक्षरावर क्लिक केलं की अख्खा कॉलम निवडला जातो, डावीकडच्या आकड्यावर क्लिक केलं की अख्खी रो. ही सोय स्प्रेडशीटबरोबर जन्मलेली नाही. सुरुवातीची काही वर्षं 'आधी निवडा, मग काय करायचं ते सांगा' हा क्रमच अस्तित्वात नव्हता, आधी हुकूम द्यावा लागे, आणि माझ्या मते हा जुना क्रम उलटला जाणं हीच या इतिहासातली सर्वांत मोठी घटना आहे.

१९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचा व्हिजीकॅल्क हा स्प्रेडशीट प्रोग्रॅम ॲपल टू संगणकावर आला. त्यात ६३ कॉलम आणि २५४ रो होत्या. आधीच्या नमुन्यात ब्रिकलिन यांनी गेम पॅडलने (व्हिडिओ गेम खेळायच्या फिरत्या बटणाने) कर्सर हलवून पाहिला होता, पण त्याची हालचाल संथ आणि ढोबळ होती, म्हणून ते बाणांच्या कळांकडे वळले. त्यातही अडचण अशी की ॲपल टूच्या कीबोर्डवर डावा आणि उजवा असे दोनच बाण होते. मग स्पेसबार दाबला की तेच दोन बाण वर-खाली चालू लागत, आणि सध्या कोणती दिशा आहे ते पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्याशा खुणेवरून कळे. अडचणीतून काढलेली ही वाट मला आजही फार हुशारीची वाटते.

कामाचा क्रम मात्र आजच्या उलट होता. तिरकी रेघ दाबून आधी हुकूम द्यायचा, मग प्रोग्रॅम विचारणार, कुठून कुठपर्यंत? पहिल्या सेलचा पत्ता, टिंब, शेवटच्या सेलचा पत्ता. पडद्यावर ते 'बी२...बी६' असं तीन टिंबांनी दिसे.

१९८३ च्या जानेवारीत मिच कपोर यांच्या कंपनीने लोटस १-२-३ बाजारात आणला. जोनाथन सॅक्स यांनी लिहिलेल्या या प्रोग्रॅममध्येही हुकूमच आधी होता, पण 'कुठून कुठपर्यंत' या प्रश्नाचं उत्तर देणं खूप सुखाचं झालं. पहिल्या सेलवर जाऊन टिंब दाबलं की ते टोक तिथेच रोवलं जाई. पुढे बाण दाबत जाल तसा उजळ चौकोन वाढत जाई. आपण काय धरलं आहे ते डोळ्यांना दिसायला लागलं. आज शिफ्ट दाबून बाण चालवताना आपण हेच करतो: एक टोक रोवलेलं, दुसरं हलतं. एंड आणि मग बाण दाबून भरलेल्या माहितीच्या टोकाला उडी मारायची सवयही लोटसवाल्यांचीच, आणि एक्सेलमध्ये ती कळ अजून तशीच चालते.

क्रम उलटायला माउस लागला. झेरॉक्सच्या १९८१ च्या स्टार संगणकाने आणि नंतर ॲपलच्या लिसा व मॅकिंटॉशने वस्तू आधी निवडण्याची रीत रुजवली. ३० सप्टेंबर १९८५ रोजी मॅकिंटॉशसाठी एक्सेल आलं, ते याच वळणाचं. प्रश्नाच्या मध्यावर अडकून पडणं संपलं. निवड चुकली तर दुसरीकडे क्लिक करायचं, बिघडलेलं काही नसतं. १९८७ मध्ये एक्सेल विंडोजवर पोचलं.

पुढे तक्ते वाढत गेले. १६,३८४ रोंवरून एक्सेल ९७ मध्ये ६५,५३६, आणि २००७ च्या आवृत्तीत १०,४८,५७६ रो व १६,३८४ कॉलम. एवढ्या उंचीवर माउस ओढत नेणं अशक्यच, म्हणून कंट्रोल-स्पेसने कॉलम, शिफ्ट-स्पेसने रो आणि कंट्रोल-शिफ्ट-बाणाने माहितीच्या टोकापर्यंतची निवड, या कळांना खरी किंमत आली.

निवड थोडी तोकडी पडली तर काय होतं, याचं गाजलेलं उदाहरण २०१३ चं. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या सरकारी कर्जावरच्या लेखामागची फाइल थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने तपासली. सरासरीचा फॉर्म्युला ४९ व्या रोपर्यंत जायला हवा होता, तो ४४ व्या रोवरच थांबला होता. त्यामुळे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हिशेबातून गळले. लेखावरचे आक्षेप याहून बरेच होते, पण ही चूक लेखकांनी मान्य केली.

एकच कॉलम निवडून सॉर्ट करायला गेलात तर आजचं एक्सेल थांबून विचारतं की शेजारी माहिती आहे, निवड वाढवू का? हा प्रश्न नसेल तर नावं एकीकडे आणि आकडे दुसरीकडे जातील. फॉर्म्युल्यातली रेंज अपुरी असेल तर असं कुणी हमखास अडवत नाही. तिथे सेलमध्ये शिरून, फॉर्म्युल्याने धरलेल्या पट्ट्याभोवती उमटणारी रंगीत चौकट शेवटच्या रोपर्यंत पोचली आहे का, ते स्वतः बघावं लागतं.