ट्रेसिंगचा रिसीव्हर कुठे ऐकतो? एका पत्त्यामागची पार्श्वभूमी

ओपनटेलिमेट्री कलेक्टर म्हणजे ॲप्सकडून ट्रेस, म्हणजे एकेका विनंतीच्या प्रवासाच्या नोंदी, गोळा करून पुढे पाठवणारा प्रोग्राम. त्याची कॉन्फिग फाइल उघडली की बहुतेक वेळा सगळ्यात वर रिसीव्हरचा, म्हणजे त्या नोंदी स्वीकारणारा, भाग दिसतो. ओटीएलपी हा ओपनटेलिमेट्रीचा प्रोटोकॉल, त्याखाली तो वाहून नेणारे जीआरपीसी आणि एचटीटीपी हे दोन मार्ग, आणि दोघांपुढे एकेक एन्डपॉइंट, म्हणजे पत्ता आणि पोर्ट. एवढाच मामला. पण जून २०२४ मध्ये कलेक्टरची ०.१०४.० ही आवृत्ती आली आणि ज्यांनी तो पत्ता लिहिलाच नव्हता, त्यांच्या कंटेनरमधल्या (मशीनवरच्या वेगळ्या, बंदिस्त कप्प्यातल्या) कलेक्टरकडे ट्रेस येणं बंद झालं. पत्ता दिला नसेल तर रिसीव्हर तोवर ०.०.०.० वर, म्हणजे मशीनच्या प्रत्येक नेटवर्क इंटरफेसवर ऐकायचा. त्या आवृत्तीपासून तो फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनमधून येणाऱ्या विनंत्यांपुरत्या पत्त्यावर, ऐकू लागला. हा बदल आवश्यक होता असं माझं ठाम मत आहे. मात्र तो इतका उशिरा का झाला हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

गूगलने २०१० मध्ये डॅपर या आपल्या अंतर्गत ट्रेसिंग यंत्रणेवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. एका सर्चमागे शेकडो सर्व्हर कामाला लागतात. त्यातला नेमका कोणता रेंगाळला हे शोधायचं, तर प्रत्येक विनंतीला ओळख क्रमांक द्यायचा, तो पुढच्या प्रत्येक सर्व्हरकडे सोबत पाठवायचा आणि प्रत्येक टप्प्याची वेळ नोंदवायची. आज आपण ट्रेस आणि स्पॅन (ट्रेसमधल्या एका टप्प्याची नोंद) ज्या अर्थाने म्हणतो तो या निबंधामुळे रुजला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची आहे. डॅपरमध्ये ॲप्लिकेशन स्वतः नेटवर्कवर काहीच पाठवत नसे. स्पॅन त्याच मशीनवरच्या लॉग फाइलमध्ये लिहिले जात. मशीनवरचा डॅपरचा डीमन, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम, तिथून ते उचलायचा आणि शेवटी सगळं बिगटेबल या गूगलच्या डेटाबेसमध्ये जमा व्हायचं, एका ट्रेसची एक ओळ आणि एका स्पॅनचा एक स्तंभ अशा मांडणीत. ॲपपासून बिगटेबलपर्यंतच्या या प्रवासाची मध्यक वेळ १५ सेकंदांपेक्षा कमी होती. नोंदीचा भार पडू नये म्हणून सुरुवातीला १०२४ विनंत्यांमागे एकाचाच ट्रेस ठेवला जाई. ट्रेसिंगमुळे मूळ काम अडता कामा नये हा दंडक होता आणि स्थानिक फाइल हे त्याचं सरळ उत्तर होतं.

गूगलबाहेर मात्र प्रत्येक मशीनवर असा डीमन आयता नव्हता. ट्विटरने डॅपरच्या धर्तीवर झिपकिन बांधलं आणि २०१२ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यांच्याकडे लॉग वाहून नेणारी स्क्राइब ही यंत्रणा आधीपासून होती, तीच त्यांनी वापरली. स्पॅन थ्रिफ्ट या बायनरी स्वरूपात बांधायचा, त्याचं बेस६४, म्हणजे साध्या अक्षरांचा मजकूर, करायचं आणि लॉगची एक ओळ म्हणून स्क्राइबच्या हवाली करायचं. झिपकिनचा कलेक्टर पलीकडे ९४१० पोर्टवर बसलेला असे. स्क्राइब नसलेल्या कंपन्यांना हे जमेना, म्हणून पुढे साध्या एचटीटीपीने स्पॅन पाठवायची सोय झाली आणि ९४११ हा पोर्ट झिपकिनची ओळख बनला. आजच्या कलेक्टरमधला झिपकिन रिसीव्हरही ९४११ वरच ऐकतो. विनंतीसोबत ट्रेसची ओळख नेणाऱ्या झिपकिनच्या हेडरमध्ये दिसणारं बी३ हे तर त्याच्या ट्विटरमधल्या जुन्या नावाचं, ‘बिग ब्रदर बर्ड’चं, संक्षिप्त रूप आहे.

उबरचं येगर २०१७ मध्ये खुलं झालं. त्याने डॅपरची मूळ कल्पना पुन्हा उचलली: ॲपने फक्त शेजाऱ्याशी बोलायचं. प्रत्येक मशीनवर येगरचा एजंट असे आणि ॲप त्याला लोकलहोस्टच्या ६८३१ पोर्टवर यूडीपीने स्पॅन पाठवी. यूडीपीत पोच मिळत नाही. पत्र पेटीत टाकून मागे न बघता निघून जावं तसं. एजंट बंद पडला तरी ॲप अडत नसे, आणि हेच हवं होतं. किंमत एवढीच की हरवलेला स्पॅन हरवला हे कुणालाच कळत नसे. येगरच्या क्लायंट लायब्ररी ६५,००० बाइटपर्यंतचं पॅकेट बांधायच्या, तर मॅकओएसवर यूडीपी पॅकेटची डीफॉल्ट मर्यादा ९२१६ बाइट. त्यामुळे लिनक्स सर्व्हरवर बिनबोभाट चालणारं ॲप डेव्हलपरच्या लॅपटॉपवर मोठे स्पॅन पाठवूच शकत नसे. ॲमेझॉनच्या एक्स-रेचा डीमनही याच पठडीतला, यूडीपी आणि १२७.०.०.१ चा २००० पोर्ट.

लोकलहोस्टवरच्या शेजाऱ्याची ही रचना विस्कटली ती कंटेनरमुळे. कंटेनरला स्वतःचं नेटवर्क असतं, त्यामुळे त्यातला लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. बाहेरच्या मशीनवर बसलेला एजंट त्याला त्या पत्त्यावर सापडत नाही. मग कुबरनेटिस या कंटेनर सांभाळणाऱ्या यंत्रणेत कुणी प्रत्येक पॉडमध्ये (कंटेनरच्या गटात) साइडकार, म्हणजे ॲपशेजारचा जोडकंटेनर, म्हणून एजंट बसवला, कुणी प्रत्येक नोडवर, म्हणजे मशीनवर, डीमनसेटने एकेक एजंट चालवून ॲपला नोडचा पत्ता पुरवला. दुसऱ्या प्रकारात ऐकणाऱ्याने लोकलहोस्ट सोडून बाहेरच्या इंटरफेसवर यावंच लागतं. ०.०.०.० हे डीफॉल्ट अंगवळणी पडलं ते अशा वातावरणात. त्यात निष्काळजीपणा नव्हता. कलेक्टर सुरू केला की काहीही न लिहिता ट्रेस आला पाहिजे, हा हेतू होता.

दरम्यान मानकांचीही जुळवाजुळव झाली. २०१६ मध्ये क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनमध्ये आलेलं ओपनट्रेसिंग आणि २०१८ मध्ये गूगलने आणलेलं ओपनसेन्सस हे दोन प्रकल्प २०१९ मध्ये एकत्र आले आणि ओपनटेलिमेट्री उभं राहिलं. आजचा कलेक्टर ओपनसेन्सस सर्व्हिसमधून वाढलेला आहे, आणि त्याची खूण पोर्टच्या आकड्यांत दिसते. ओपनसेन्ससचा रिसीव्हर ५५६७८ वर, निदानासाठीची झेडपेजेस ५५६७९ वर. म्हणून ओटीएलपी हा नवा प्रोटोकॉल आला तेव्हा त्याला जीआरपीसीसाठी ५५६८० मिळाला आणि एचटीटीपीसाठी ५५६८१.

या आकड्यांत एक अडचण होती. ४९१५२ पासून वरचे पोर्ट तात्पुरत्या वापरासाठी राखलेले असतात आणि पोर्टची अधिकृत नोंद ठेवणारी आयएएनए ही संस्था ते कुणाच्या नावावर नोंदवत नाही. शिवाय लिनक्स बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी डीफॉल्टने ३२७६८ ते ६०९९९ मधला कुठलाही मोकळा पोर्ट उचलतो. म्हणजे कलेक्टर रीस्टार्ट होण्याच्या नेमक्या क्षणी दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रामने ५५६८० घेतलेला असू शकतो. असा दोष वर्षातून एखाद्या रात्री उगवतो आणि सकाळी शोधायला गेलं की सापडत नाही. आयएएनएकडे नोंदलेला ४३१७ आला तेव्हा हा प्रश्न मिटला. काही काळ जीआरपीसी आणि एचटीटीपी दोन्ही ४३१७ वरच ठेवायचा विचार होता, पण शेवटी एचटीटीपीला ४३१८ हा वेगळा पोर्ट दिला गेला. ब्राउझरमधून थेट ट्रेस पाठवायचे असतील तर हाच उपयोगी पडतो, कारण ब्राउझरला साधं जीआरपीसी बोलता येत नाही. रिसीव्हरमध्ये सीओआरएसची, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावरच्या वेब पानाने विनंती पाठवण्याची, परवानगी तेवढी द्यावी लागते.

पोर्ट स्थिरावले, पण पत्ता तसाच सताड उघडा राहिला. ओटीएलपी रिसीव्हर आपणहून कुणाची ओळख विचारत नाही. सार्वजनिक आयपी असलेल्या क्लाउड मशीनवर कलेक्टर नुसता सुरू केला आणि फायरवॉल ढिली असली, तर जगातून कुणीही त्याला हवे तेवढे खोटे स्पॅन पाठवू शके. अमर्याद पत्त्यावर ऐकणं ही सॉफ्टवेअरमधल्या कमकुवतपणांच्या सीडब्ल्यूई यादीत १३२७ क्रमांकाची नोंद आहे. म्हणून कलेक्टर आधी लॉगमध्ये फक्त इशारा देत असे. २०२४ मध्येच सीव्हीई या सुरक्षा त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२४-३६१२९ ही त्रुटी जाहीर झाली: आकाराने लहान पण उलगडल्यावर अवाढव्य होणारा कॉम्प्रेस केलेला डेटा पाठवून कलेक्टरची मेमरी संपवता येत होती. ०.१०२.१ मध्ये ती दुरुस्त झाली आणि पाठोपाठ ०.१०४.० मध्ये डीफॉल्टच लोकलहोस्ट झालं. नुसत्या इशाऱ्यावर कुणी कॉन्फिग बदलत नाही, डीफॉल्ट बदललं की बदलावंच लागतं.

त्याचा फटका कसा बसतो हे जवळून पाहण्यासारखं आहे. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरमध्ये ४३१७ बाहेर काढलेला असतो, कलेक्टर निरोगी दिसतो, त्याच्या लॉगमध्ये एकही चूक नसते. पण डॉकर बाहेरची विनंती कंटेनरच्या नेटवर्क इंटरफेसवर आणून सोडतो आणि रिसीव्हर बसलाय आतल्या लूपबॅकवर, म्हणजे कंटेनरच्या स्वतःच्या लोकलहोस्टवर. रिसीव्हरने स्वीकारलेल्या स्पॅनचा काउंटर शून्य आणि नाकारलेल्यांचाही शून्य, कारण विनंती त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. तक्रार दिसते ती फक्त पाठवणाऱ्या ॲपच्या लॉगमध्ये, म्हणून आधी तिथे पाहावं. यावर घाईने ०.०.०.० परत लिहिण्यापेक्षा डॉकर कंपोझमध्ये (अनेक कंटेनर एकत्र चालवण्याच्या साधनात) कलेक्टरच्या सर्व्हिसचं नाव पत्ता म्हणून द्यावं, आणि कुबरनेटिसमध्ये पॉडचा आयपी एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून घ्यावा. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे रिसीव्हर वर लिहायचा आणि खाली सर्व्हिसच्या पाइपलाइनमध्ये त्याचं नाव घालायचं राहून जायचं. तसं झालं तर तो सुरूच होत नाही.

येगरने २०२२ मध्ये थेट ओटीएलपी स्वीकारायला सुरुवात केली आणि स्वतःच्या क्लायंट लायब्ररी थांबवल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेलं येगर व्ही२ तर ओपनटेलिमेट्री कलेक्टरच्या पायावरच बांधलेलं आहे, त्यामुळे तिथेही रिसीव्हर याच पद्धतीने लिहायचे असतात. जुनी लायब्ररी अजून चालवणाऱ्या ॲपसाठी कलेक्टरमध्ये येगरचा रिसीव्हर आहे आणि ६८३१ वर यूडीपी ऐकण्याची सोय त्यात आहे. तो काढून टाकायचा विचार असेल तर स्वीकारलेल्या स्पॅनचा काउंटर रिसीव्हर आणि ट्रान्सपोर्टनुसार वेगळा करून पाहावा. महिन्यातून एकदाच धावणारी बॅच कामंही त्यात दिसायला हवीत, म्हणून निदान एक महिनाअखेर उलटेपर्यंत तो आकडा शून्यावर राहिला की मगच ती ओळ काढावी.