भिंगाला पाठ टेकता येत नाही

आकाशदर्शनाच्या रात्री एक प्रश्न हमखास येतो, "मोठ्या वेधशाळेतल्या दुर्बिणीचं भिंग केवढं असतं हो?" तिथे भिंग नाही, आरसा असतो म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. आपल्या जुन्नरजवळ गिरवलीला आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेची दुर्बीण आहे, तिच्यातही २ मीटर व्यासाचा आरसाच आहे.

आकाशनिरीक्षणासाठी नियमित वापरलेली सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण अमेरिकेतल्या यर्किस वेधशाळेतली, १८९७ सालची. भिंग ४० इंची, म्हणजे जेमतेम १ मीटर. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी सव्वा मीटरचं भिंग घडवलं, पण ती दुर्बीण आडवी, जागेवर खिळलेली. पुढे ती मोडीत निघाली.

अडचण वजनाची आहे. प्रकाश भिंगातून आरपार जायला हवा, म्हणून आधार फक्त काठाला. दोन टोकांवर टेकलेली पुस्तकांची लांब फळी मधोमध लवते, तशी काचही लवते. शिवाय दुर्बीण कलली की बाक बदलतो, त्यामुळे काच घासतानाच तो हिशेबात धरून मोकळं होता येत नाही.

मग जाडी वाढवू? हा बाक व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. व्यास दुप्पट केला की बाक १६ पट. तो पूर्वीइतका राखायला जाडी चौपट हवी, आणि मग वजन होतं १६ पट! वर जाड काच प्रकाशही जास्त शोषते.

मला सर्वांत आवडतो तो पुढचा भाग. वाकण्याच्या बाबतीत आरसा भिंगापेक्षा नाजूक असतो. भिंगाचे दोन्ही पृष्ठभाग एकत्र वाकतात आणि एकाची चूक दुसरा बरीचशी भरून काढतो. आरशात मात्र पृष्ठभागाची चूक परावर्तनानंतर दुप्पट होते. तरी आरसा जिंकतो, कारण त्याची पाठ मोकळी असते. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या ५ मीटरच्या आरशामागे ३६ आधार आहेत. दुर्बीण कलेल तसा त्यांचा जोर बदलतो.

हा सगळा खटाटोप व्यासासाठी. म्हणून दुर्बिणींच्या "५२५ पट मोठं दिसेल" असल्या जाहिरातींना भुलू नका. नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं छोटं भिंग, बदलली की पट बदलते; प्रकाश किती गोळा होणार ते व्यास ठरवतो.

चिलीत सध्या ३९ मीटरचा आरसा उभा राहतोय, ७९८ षटकोनी तुकड्यांचा. त्यातला एकेक तुकडा यर्किसच्या भिंगाहून रुंद आहे, आणि जाडी फक्त ५ सेंटिमीटर.