जॉब इव्हॅल्युएशन म्हणजे अप्रेझल नव्हे

‘जॉब इव्हॅल्युएशनच्या पद्धती लिहा’ असा प्रश्न आला की बीबीए-बीकॉमच्या उत्तरपत्रिकांत हमखास एक यादी उतरते: ३६० डिग्री फीडबॅक (वरिष्ठ, सहकारी, हाताखालचे अशा सगळ्यांचं मत), एमबीओ (ठरवलेली उद्दिष्टं किती गाठली यावरून मूल्यमापन), गोपनीय अहवाल. यातली एकही पद्धत जॉब इव्हॅल्युएशनची, म्हणजे पदाचं मोल ठरवण्याची, नाही. त्या सगळ्या अप्रेझलच्या, म्हणजे माणसाची कामगिरी मोजण्याच्या. दोन्ही विषयांत ‘मूल्यमापन’ आहे, दोन्हीचा शेवट पगाराशी होतो आणि रँकिंग नावाची पद्धत तर दोन्हीकडे सापडते. त्यामुळे गाईड चाळून गेलेला विद्यार्थी हमखास घसरतो.

अप्रेझल काय असतं हे सांगत बसायला नको. वर्षाअखेरी वरिष्ठ रेटिंग देतो, त्यावरून वेतनवाढ, बढती किंवा प्रशिक्षण ठरतं. नोकरदाराच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं.

जॉब इव्हॅल्युएशनमध्ये मात्र माणूस नसतोच. मोजायचं असतं ते पद. ओळखायची कसोटी एकच: उद्या या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं तर उत्तर बदलेल का? बदलत असेल तर ते अप्रेझल. बदलत नसेल, किंबहुना खुर्ची रिकामी असतानाही उत्तर देता येत असेल, तर ते जॉब इव्हॅल्युएशन. रँकिंगचा गोंधळही इथेच सुटतो. एकीकडे पदांची उतरंड लावतात, दुसरीकडे माणसांची.

आकड्यांत पाहू. पॉइंट पद्धतीत आधी घटक ठरवतात: कौशल्य, जबाबदारी, श्रम आणि कामाची परिस्थिती. ही चौकट फक्त पुस्तकी नाही. समान वेतनाच्या १९७६ च्या कायद्यात ‘समान स्वरूपाचं काम’ ठरवायला कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि सारखी कार्यपरिस्थिती हेच निकष होते; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली. समजा एकूण ५०० गुण ठेवले: कौशल्याला २५०, जबाबदारीला १००, श्रमाला ७५, परिस्थितीला ७५. प्रत्येक घटकाच्या पाच पायऱ्या केल्या, म्हणजे कौशल्याची पायरी ५० गुणांची, जबाबदारीची २० ची आणि उरलेल्या दोन्हींची १५ ची.

आता सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या, ऑपरेटरचं पद घ्या. ड्रॉइंग वाचून सेटिंग करायचं, म्हणून कौशल्याची तिसरी पायरी, १५० गुण. मशीन आणि माल महाग, म्हणून जबाबदारी तिसरी, ६०. श्रम दुसरी, ३०. आवाज आणि कूलंट, म्हणून परिस्थिती तिसरी, ४५. बेरीज २८५. कंपनीने २४१ ते ३०० गुणांना ग्रेड ३ आणि ३०१ ते ३६० ला ग्रेड ४ ठरवली असेल, तर हे पद ग्रेड ३ मध्ये बसलं. त्या ग्रेडचा पगार २२,००० ते ३०,००० असेल तर या पदावरच्या प्रत्येकाचा पगार त्याच हद्दीत राहणार. हद्दीत कोण कुठे असेल, हे सेवाकाळ आणि अप्रेझल ठरवतं. एकाच्या हातून रिजेक्शन नगण्य, दुसऱ्याचा रोज स्क्रॅप. दोघांची रेटिंग वेगळी, ग्रेड एकच.

बिघडतं ते असं. सध्याचा ऑपरेटर इंजिनिअर आहे, हुशार आहे, सोडून जाईल अशी भीती आहे. सुपरवायझर समितीला पटवतो आणि कौशल्याची पायरी तिसरीवरून चौथी होते. पन्नास गुण वाढले, बेरीज ३३५, पद ग्रेड ४ मध्ये. सहा महिन्यांनी तो जातोच. त्याच्या जागी आयटीआय झालेला मुलगा येतो, काम तेच करतो आणि कंपनी ग्रेड ४ चा पगार मोजत बसते. शेजारच्या व्हीएमसी या तशाच मशीनचे ऑपरेटर विचारतात, आमचं काम कुठे कमी आहे? उत्तर नसतं. चांगल्या माणसाला टिकवायला ग्रेडच्या पगाराच्या हद्दीत वर न्या, बोनस द्या, बढती द्या. पदाचे गुण फुगवू नका.

म्हणून इव्हॅल्युएशनच्या फॉर्मवर ‘सध्याच्या कर्मचाऱ्याचं नाव व शिक्षण’ हा रकाना दिसला की तो आधी खोडावा. पदाला किती शिक्षण लागतं हे लिहायचं, बसलेल्याकडे किती आहे हे नाही. सध्याचा पगारही समितीपुढे ठेवू नये. आकडा दिसला की गुण आपोआप त्याच्या दिशेने सरकतात.

याच्याच पोटात आणखी दोन चुका. जॉब अ‍ॅनालिसिस, म्हणजे कामाचा अभ्यास, न करता थेट गुण द्यायला बसणं ही पहिली. कामाची माहिती, तिच्यावरून जॉब डिस्क्रिप्शन (पदाचं काम काय) आणि जॉब स्पेसिफिकेशन (त्याला कसा माणूस लागतो), मग गुण, हा क्रम मोडला की समिती पदनामावरून अंदाज बांधते आणि ‘मॅनेजर’ शब्दालाच जास्त गुण पडतात. दुसरी म्हणजे बेल कर्व्ह. ठरावीक टक्के लोकांना वरचं आणि ठरावीक टक्क्यांना खालचं रेटिंग देण्याची ही सक्ती मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये काढून टाकली. तिच्याबद्दल मत काहीही असो, ती माणसांच्या रेटिंगपुरती आहे. पदांना बेल कर्व्ह लावणं निव्वळ हास्यास्पद. कारखान्यात खालच्या ग्रेडची पदं जास्तच असणार.

बाकीचे फरक किरकोळ: अप्रेझल दरवर्षी, इव्हॅल्युएशन पद नवं निघालं किंवा काम बदललं की, अप्रेझल वरिष्ठ करतो, इव्हॅल्युएशन समिती. परीक्षेत तक्त्यासाठी लिहा, पण उत्तराची सुरुवात त्यांनी करू नका.

सरकारी नोकरीचं उदाहरण घेतलं तर एक जागा फसवी आहे. राज्याच्या सातव्या वेतन आयोगाच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे वेतनाच्या तक्त्यात, एस-१ पासून एस-३१ पर्यंत स्तर आहेत. कोणतं पद कोणत्या स्तरात, हा पदाचा प्रश्न. वेतनत्रुटीच्या मागण्या याच जातीच्या असतात, आणि तिथे पात्रता, कर्तव्यं, जबाबदाऱ्या यांची तुलना चालते. ‘आमचे लोक मेहनती आहेत’ हा मुद्दा तिथे गैरलागू, तो गोपनीय अहवालाचा. पण १०, २० आणि ३० वर्षांनंतर मिळणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेत पद तेच राहून कर्मचाऱ्याला वरचा वेतनस्तर मिळतो. हे पदाचं फेरमूल्यांकन नाही. बढती खुंटलेल्या माणसाला दिलेला तो वैयक्तिक लाभ आहे. तो निवृत्त झाला की पद पुन्हा आपल्या मूळ स्तरावरच भरलं जातं.

खासगीत याच्या उलट अवस्था येते. इव्हॅल्युएशननंतर एखाद्याचा पगार त्याच्या ग्रेडच्या कमाल मर्यादेच्या वर निघतो. त्याला रेड सर्कल म्हणतात. पगार कापायचा नाही, ग्रेडची कमाल मर्यादा त्याला गाठेपर्यंत मूळ पगारातली वाढ थांबवायची. चांगल्या रेटिंगचं बक्षीस तोवर एकरकमी द्यावं. किमान मर्यादेच्या खाली सापडलेला तो ग्रीन सर्कल, त्याला लगेच किमान पातळीवर आणायचं, रेटिंग काहीही असो.